हवेतल्या जागेची वाटणी: १जी ते ५जी

मोबाइलवर बोलताना आपला आवाज हवेतून जातो तो बहुतेक वेळा दोन-चार किलोमीटरच. दाट वस्तीत तर काहीशे मीटरच. टॉवरपर्यंत पोचला की बहुतेक वेळा तो फायबरमध्ये शिरतो आणि जमिनीखालून, गरज पडली तर समुद्राखालून, पलीकडच्या माणसाजवळच्या टॉवरपर्यंत जातो. म्हणजे ‘वायरलेस’ म्हणवणाऱ्या या व्यवस्थेत बिनतारी असतात ते दोन टोकांचे दोन तुकडे. १जीपासून ५जीपर्यंतचं सगळं रामायण घडलं ते या तुकड्यांपायी.

कारण खरी अडचण तिथेच आहे. तार कमी पडली तर शेजारी दुसरी टाकता येते. हवेत तशी सोय नाही. एकाच परिसरात, एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन फोन बोलायला लागले तर सरळ गोंधळ होतो. आणि कामाच्या फ्रिक्वेन्सी मोजक्याच. खालच्या फ्रिक्वेन्सी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, पण तिथे रेडिओ, टीव्ही, पोलीस, विमानं, जहाजं यांनी केव्हाच ठाण मांडलेलं. वर जागा मोकळी आहे, पण तिथल्या लहरींचा दम लवकर संपतो. शेत तेवढंच आणि वारस मात्र दर वर्षी वाढताहेत, अशी ही अवस्था.

‘जी’ म्हणजे स्पीड, असा समज जाहिरातींनी पक्का करून ठेवलाय. मला तो अर्धवट वाटतो. ‘जी’ हे ‘जनरेशन’चं, म्हणजे पिढीचं, आद्याक्षर, आणि प्रत्येक पिढीने मुळात सोडवला तो वाटणीचा प्रश्न. स्पीड वाढला तो त्या वाटणीतून.

सुरुवात पहिल्या पिढीच्याही आधीपासून करायला हवी. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेत सेंट लुइस शहरात बेल कंपनीने मोटारीतल्या टेलिफोनची सेवा सुरू केली. गाडीत बसवायचं यंत्र सुमारे ३६ किलोंचं. शहरात एक उंच मनोरा आणि त्याचा जोरदार ट्रान्समीटर. अख्ख्या शहरात एका वेळी जेमतेम तीन जणांना बोलता यायचं. पुढे तंत्र सुधारलं, तरी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कसारख्या महानगराच्या वाट्याला बाराच चॅनेल होते. तेरावा माणूस वाट बघत बसायचा.

मनोरा आणखी उंच केला, ट्रान्समीटर आणखी ताकदवान केला की सेवा सुधारेल असं वाटतं ना? उत्तर नेमकं उलटं निघालं. बेल लॅब्स या बेल कंपनीच्या संशोधन संस्थेतल्या डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एका अंतर्गत टिपणात ते मांडलं. मनोरा बुटका करा, ट्रान्समीटर दुबळा करा. त्याचा आवाज थोड्याच अंतरावर विरून जाईल आणि तीच फ्रिक्वेन्सी पुढच्या भागात पुन्हा दुसऱ्या कुणाला देता येईल. शहराचे षटकोनी तुकडे पाडायचे, शेजारच्या तुकड्यांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी द्यायच्या आणि पुरेसं अंतर पडलं की त्याच पुन्हा वापरायच्या. गर्दी वाढली की तुकडे आणखी लहान करायचे. हातात फ्रिक्वेन्सी होत्या तेवढ्याच राहिल्या, पण त्या वापरणारी माणसं कितीही वाढवायची वाट सापडली. माझ्या लेखी मोबाइलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी कल्पना हीच. यानंतरचं सगळं हिच्यावरचं कोरीवकाम आहे.

कागदावरची कल्पना प्रत्यक्षात यायला मात्र तीन दशकांहून जास्त काळ गेला. गाडी एका तुकड्यातून दुसऱ्यात शिरली की चालू बोलणं न तोडता फोनला फ्रिक्वेन्सी बदलायला लावायची आणि कॉल नव्या टॉवरकडे सोपवायचा, याला हँडओव्हर म्हणतात. हजारो गाड्यांसाठी हे काम सेकंदाच्या आत करायला चपळ कॉम्प्युटर लागतो, आणि १९४७ मध्ये तसा तो कुठला असणार? त्यात सरकारी परवानग्यांचा घोळ निराळा.

पहिली पिढी अखेर आली ती १९७९ मध्ये टोकियोत. मग १९८१ पासून स्वीडन-नॉर्वेकडे आणि १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत. त्याआधी ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या, किलोभराहून जड फोनवरून पहिला कॉल केला होता. तोही कुणाला, तर बेल लॅब्समधले प्रतिस्पर्धी जोएल एंगल यांना. खोडी काढायला याहून चांगला कॉल कुठला! त्या फोनचा विकाऊ अवतार बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती ३,९९५ डॉलर, आणि चार्ज करायला दहा तास लावले की बोलायला मिळायचं अर्धा तास.

१जीमधली वाटणी अगदी सरळ होती. अमेरिकी पद्धतीत दर कॉलला फ्रिक्वेन्सींची ३० किलोहर्ट्झ रुंद पट्टी. कॉल संपेपर्यंत ती तुमची, तुम्ही गप्प बसलात तरी तुमचीच. आवाज जसाच्या तसा, म्हणजे अ‍ॅनालॉग स्वरूपात जायचा. त्यामुळे बाजारात मिळणारा साधा रेडिओ स्कॅनर घेऊन बसणाऱ्या कुणालाही तो ऐकू यायचा. फोनचा क्रमांकही हवेतून उघडाच जायचा. तो पकडून दुसऱ्या फोनमध्ये घालायचा आणि बिल भलत्याच्याच नावावर फाडायचं, हा तर त्या काळी धंदाच झाला होता.

दुसऱ्या पिढीने आवाजाचे आकडे केले. युरोपातल्या देशांनी मिळून ठरवलेल्या जीएसएम पद्धतीचा पहिला कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. इथे वाटणी फ्रिक्वेन्सीबरोबर वेळेचीही झाली. २०० किलोहर्ट्झची एक पट्टी आठ जणांना मिळून. प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून थोडी जास्त. तेवढ्यात फोनने साठवलेला आवाज भसकन पाठवायचा आणि बाकी सात जणांची पाळी होईपर्यंत गप्प बसायचं. पाळी परत येते ४.६ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २१७ वेळा.

हे २१७ ज्यांनी त्या काळात फोन वापरला त्यांनी कानांनी ऐकलेले आहेत. फोन स्पीकरजवळ किंवा रेडिओजवळ ठेवलेला असला की कॉल येण्याच्या क्षणभर आधी ‘टिर्रर-टिट-टिट, टिर्रर-टिट-टिट’ असा आवाज व्हायचा आणि मग घंटी वाजायची. फोनचा ट्रान्समीटर सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होत असतो. तो झटका शेजारच्या स्पीकरच्या तारा पकडतात, आणि २१७ हर्ट्झ हा चांगला ऐकू येण्याजोगा स्वर आहे. तो आवाज म्हणजे आपल्या फोनची पाळी आल्याची खूणच.

पाळ्यांच्या या व्यवस्थेत एक पेच आहे. लांबच्या फोनचा संदेश टॉवरपर्यंत यायला उशीर होतो आणि तो पुढच्याच्या पाळीत घुसू शकतो. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला ‘तू जरा आधी बोलायला लाग’ असं सांगत असतो. किती आधी, याची मर्यादा पद्धतीतच ठरवून दिलेली. त्यामुळे साध्या जीएसएम टॉवरची पोच सुमारे ३५ किलोमीटरवर थांबते. सिग्नल त्यापुढे कितीही दणदणीत येत असला तरी कॉल लागत नाही.

आता गंमत पाहा. २०० भागिले आठ म्हणजे दर कॉलला २५ किलोहर्ट्झ. अ‍ॅनालॉगला लागत होते ३०. मग एवढा खटाटोप करून मिळवलं काय? मिळवलं ते दुसरीकडे. आकड्यांच्या रूपातल्या आवाजात थोडी भेसळ झाली तरी चुका हुडकून दुरुस्त करता येतात. त्यामुळे शेजारच्या टॉवरची कुरबुर जास्त सहन होते. १जीमध्ये साधारण सात तुकड्यांच्या एका गटात एक फ्रिक्वेन्सी एकदाच वापरता यायची, २जीमध्ये तो गट बराच लहान झाला. म्हणजे फायदा झाला तो रिंग यांच्या जुन्या कल्पनेतूनच, फक्त डिजिटलने ती जास्त घट्ट विणली. वर आकडे कुलूपबंदही करता येतात, म्हणून स्कॅनरवाल्यांची दुकानं बंद झाली. एक मोठी फट मात्र राहिली: टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन टॉवरची तपासत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभारून फोनला फसवणं २जीवर आजही शक्य आहे. ३जीपासून तपासणी दोन्ही बाजूंनी झाली.

एसएमएस हे २जीचं अपघाती अपत्य. कॉल जुळवण्याच्या निरोपांसाठी एक छोटी वाट राखून ठेवलेली होती. ती बराच वेळ रिकामी असायची, तर तिच्यातून चार शब्द पाठवू, एवढाच विचार. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ यांनी कॉम्प्युटरवरून पहिला एसएमएस पाठवला, ‘मेरी ख्रिसमस’. त्या वाटेत एका निरोपाला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मावतात. रोमन अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला एरवी सोळा बिट लागतात, म्हणून ७०च, आणि त्यात काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. मराठीतला मेसेज अर्ध्यात तुटून दोन-तीन तुकड्यांत का यायचा आणि पैसे तितक्या पट का कापले जायचे, याचं कारण हे.

इंटरनेट मात्र २जीला मानवलं नाही. आधी जीपीआरएस, मग एज अशी ठिगळं लावून झाली, पण आठ पाळ्यांतल्या दोन-चार मोकळ्या पाळ्यांतून वेबपेज ओढायचं म्हणजे ते ठिबकतच येणार.

तिसऱ्या पिढीची वाटणी ऐकताना पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचं! अट एकच, प्रत्येकाने आपला संदेश आपल्या सांकेतिक आकड्यांनी गुणून पाठवायचा. हिलाच सीडीएमए म्हणतात. कागद-पेन्सिल घ्या, करून बघता येतं. तुमचा कोड समजा (१, १) आणि माझा (१, −१). तुम्हाला पाठवायचंय ‘हो’, म्हणजे १. मला पाठवायचंय ‘नाही’, म्हणजे −१. तुम्ही पाठवलंत (१, १). मी पाठवलं (−१, १). हवेत दोन्हींची बेरीज होते: (०, २). टॉवरला मिळाला तो हा काला. आता तो तुमच्या कोडने पदवार गुणून बेरीज करा: ० अधिक २, उत्तर धन २. म्हणजे तुम्ही म्हणालात ‘हो’. तोच काला माझ्या कोडने गुणा: ० वजा २, उत्तर ऋण २. मी म्हणालो ‘नाही’. एकमेकांत पूर्ण मिसळलेले दोन संदेश अलगद सुटे झाले. खऱ्या ३जीमध्ये कोड पुष्कळ लांब असतात आणि कोडमधला एकेक आकडा म्हणजे एक कण, असे सेकंदाला ३८ लाख ४० हजार कण हवेत सोडले जातात, पण तत्त्व हेच.

याचा परिणाम जबरदस्त होता. फ्रिक्वेन्सी सात तुकड्यांत वाटून घ्यायची गरज उरली नाही, सगळे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू शकले. फोन एका वेळी दोन टॉवरशी बोलू लागला आणि हँडओव्हरचा खडखडाट गेला. पण किंमतही होती. टॉवरच्या पायथ्याशी असलेला फोन जोरात ओरडला तर दूरच्या फोनचं बोलणं बुडून जातं, म्हणून टॉवर प्रत्येक फोनला ‘आवाज वाढव, आवाज कमी कर’ असं सेकंदाला १,५०० वेळा सांगत बसतो. शिवाय बोलणारे वाढले की काला दाट होतो आणि कडेचे फोन ऐकू येईनासे होतात. म्हणजे गर्दीच्या वेळी टॉवरची हद्द आक्रसते आणि रात्री पुन्हा पसरते. घरात दुपारी गायब असलेली रेंज मध्यरात्री पूर्ण, हा ३जीचा अनुभव कित्येकांना भास वाटायचा. तो भास नव्हता.

३जी म्हणजे बुद्धीने सगळ्यात देखणी आणि नशिबाने सगळ्यात फुटकी पिढी. २००० साली ब्रिटनने तिचे परवाने साडेबावीस अब्ज पौंडांना विकले, जर्मनीने जवळपास पन्नास अब्ज युरोंना. १ ऑक्टोबर २००१ रोजी जपानच्या डोकोमोने सेवा सुरू केली. कंपन्यांना वाटलं होतं, लोक व्हिडिओ कॉलवर तुटून पडतील. लोक साधे कॉल आणि एसएमएस करत राहिले. डेटाची खरी भूक लागली ती २००७ नंतर, स्मार्टफोन हातात आले तेव्हा. तोवर ३जीची गणितं तिच्याच अंगावर यायला लागली होती.

अंगावर येणारी गोष्ट म्हणजे प्रतिध्वनी. लहर सरळ येते, तशीच समोरच्या इमारतीवर आपटून थोडी उशिरानेही येते. स्पीड वाढवायचा म्हणजे एकेक कण आणखी आखूड करायचा. ३जीचा एक कण पाव मायक्रोसेकंदाचा, तेवढ्यात लहर साधारण ८० मीटर जाते. म्हणजे ८० मीटरचा वळसा घालून आलेला प्रतिध्वनीसुद्धा पुढच्या कणावर स्वार होतो. ३जीचा फोन हे प्रतिध्वनी वेचून जुळवून घ्यायचा, पण पट्टी रुंद करत गेलं की हा हिशेब हाताबाहेर जातो.

४जीने डाव पालटला. एक जलद धार सोडायच्या ऐवजी शेकडो संथ धारा सोडायच्या. २० मेगाहर्ट्झच्या पट्टीत १५ किलोहर्ट्झ अंतरावर १,२०० बारीक वाहक, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या लहरी. प्रत्येकावरचं एक चिन्ह, म्हणजे एका वेळी पाठवलेला डेटाचा तुकडा, जवळजवळ ६७ मायक्रोसेकंद टिकतं, आणि त्याआधी पावणेपाच मायक्रोसेकंदांची राखीव जागा सोडलेली असते. तेवढ्यात लहर १,४०० मीटर जाते, त्यामुळे बहुतेक प्रतिध्वनी त्या राखीव जागेतच विरून जातात. शिवाय हे वाहक मूठ-मूठभर करून दर मिलिसेकंदाला नव्याने वाटता येतात. या क्षणी ज्याला गरज आहे आणि ज्याचा सिग्नल ज्या वाहकांवर चांगला आहे, त्याला ते. १जीमध्ये गप्प बसलेल्या माणसाच्या नावावरही अख्खी पट्टी अडकून पडायची, त्याच्याशी हे ताडून बघा. जोडीला, फोनमध्ये आणि टॉवरवर दोन-दोन, चार-चार अँटेना लावून एकाच पट्टीतून एकाहून जास्त धारा पाठवायची युक्तीही इथे सर्रास झाली. १४ डिसेंबर २००९ रोजी स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये ही सेवा सुरू झाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मूळ कसोटीला ती उतरत नव्हती. २०१० मध्ये संघानेच ‘४जी’ हा शब्द सैल केला आणि जाहिरातवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

४जीमध्ये साध्या फोन कॉलसाठी जागाच ठेवलेली नव्हती, ही गोष्ट मला अजूनही मजेशीर वाटते. सगळं डेटाच्या पुड्यांत. आवाजाचं काय? सुरुवातीची वर्षं कॉल आला की फोन ४जी सोडून ३जी किंवा २जीवर उतरायचा. बोलताना डेटा मंदावायचा किंवा पार बंद पडायचा तो त्यामुळे. नंतर व्होल्टी आलं आणि आवाजही पुड्यांतून जाऊ लागला. जुन्या कॉलमध्ये ३०० ते ३,४०० हर्ट्झचाच पट्टा यायचा. व्होल्टीत तो ७,००० हर्ट्झपर्यंत गेला. समोरचा माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो, तो या फरकाने.

मग ५जीने नवीन काय केलं? वाटणीची पद्धत जवळपास ४जीचीच ठेवली, फक्त वाहकांमधलं अंतर गरजेनुसार १५, ३०, ६०, १२० किलोहर्ट्झ असं बदलता येतं. नवी वाटणी केली ती दिशेची. ३.५ गिगाहर्ट्झवर लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे एका पेटीत ६४ छोट्या अँटेना सहज बसतात. प्रत्येकीतून तोच संदेश किंचित मागेपुढे सोडला की लहरी एका दिशेला एकमेकींना बळ देतात, बाकीकडे एकमेकींना मारतात. असे झोत एकाच वेळी अनेकांकडे रोखता येतात. एकच फ्रिक्वेन्सी, एकच क्षण, एकच टॉवर, तरी दोघांना वेगवेगळा डेटा. फ्रिक्वेन्सी, वेळ आणि कोड यांच्या वाटण्या झाल्यावर आता जागेची वाटणी.

दुसरं म्हणजे ५जी वरच्या मोकळ्या पट्ट्यांत गेलं. २८ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे आणि स्पीड डोळे फिरवणारा. पण तिथे लहर एक सेंटिमीटरभर लांबीची. भिंत, झाडाची पानं, स्वतःचा तळहात, काहीही तिला अडवतं. म्हणून ‘५जीचा स्पीड किती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ७०० मेगाहर्ट्झवरचं ५जी ४जीच्या आसपासच रेंगाळतं, पण लांबवर पोचतं. २८ गिगाहर्ट्झवरचं खांबापासून खांबापर्यंत. नाव दोघांचं एकच.

फोनवर दिसणारं चिन्हही पूर्ण खरं नसतं. पुष्कळ ठिकाणी ५जी उभं केलं ते ४जीच्या खांद्यावर: फोन मुळात ४जीशी जोडलेला आणि जास्तीचा डेटा तेवढा ५जीवरून. अशा व्यवस्थेत, ‘इथे ५जी मिळू शकतं’ एवढं कळलं तरी काही फोन ५जीचं चिन्ह दाखवतात. एका मिलिसेकंदात प्रतिसाद, ही जाहिरातही जपून वाचावी. तो मिलिसेकंद फक्त हवेतल्या तुकड्याचा. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. सर्व्हर हजार किलोमीटरवर असला तर जायला-यायला दहा मिलिसेकंद गेलेच, आणि तिथे कुठलाही ‘जी’ काही करू शकत नाही.

दक्षिण कोरियाने ५जी सुरू केलं ३ एप्रिल २०१९ रोजी, कूपर यांच्या कॉलला बरोबर ४६ वर्षं झाली त्या दिवशी. ६जीचा आराखडा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केलाय. त्यातल्या तंत्राची मानकं अजून लिहिली जाताहेत, त्यामुळे आत्ता ‘६जी फोन’ म्हणून कुणी काही विकत असेल तर खुशाल दुर्लक्ष करा.

नव्याला जागा द्यायची तर जुन्याला उठवावं लागतं, आणि उठवण्याचा क्रम भलताच आहे. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये बंद झालं, २जी मात्र चालू राहिलं. कारण पुन्हा वाटणीचंच. ३जीला पाच मेगाहर्ट्झची सलग पट्टी लागते, तिच्यात तडजोड नाही. २जी २०० किलोहर्ट्झच्या फटीतही भागवून घेतं, आणि वीजमीटर, लिफ्टमधले आणीबाणीचे फोन, मोटारीतल्या मदतीच्या यंत्रणा अजून त्याच्यावर चालतात. हा क्रम सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टीने आधी २जी बंद केलं आणि २०२२ मध्ये ३जी. क्रम कुठलाही असो, ही दोन्ही गेली की चिमटा बसतो तो एका विशिष्ट फोनला: ४जी चालतं, पण व्होल्टी नाही, असा २०१३-१४च्या सुमाराचा फोन. त्याच्यावर व्हिडिओ झकास दिसतात, साधा कॉल मात्र लावता येत नाही. जुना फोन घरातल्या कुणाला देणार असाल तर सेटिंगमध्ये व्होल्टी आहे का आणि तुमच्या कंपनीच्या सिमवर ते खरंच चालू होतंय का, हे एक कॉल करून आधी बघून घ्या. कॉल चालू असताना वरच्या पट्टीतलं ४जीचं चिन्ह टिकून राहिलं तर ते चालू आहे.